किरकोळ नापसंती

ही गोष्ट सांगायची मी फार वर्षं टाळली. टाळायला कारणं भरपूर होती. आधी नोकरी होती. मग पेन्शनचे कागद अडतील अशी भीती होती. मग मुलाचं लग्न, मग मोतीबिंदू, मग गुडघा. आता यातलं काहीच उरलं नाही. डोळे दुरुस्त झालेत, गुडघा व्हायचा नाही, आणि पेन्शन बँकेत वेळेवर येते. म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय. माझ्याकडून दोन पानांचा मजकूर हवा आहे. फोनवर सांगितलं, "सर, गोड आठवणी लिहा. तुमचं ते टट्-टट् जरूर येऊ द्या." येऊ देतो. तेवढंच लिहिणार आहे. पण ते दोन पानांत बसणार नाही आणि गोडही नाही. छापायचं असेल तर सगळं छापा. काटछाट करायची असेल तर कागद परत पाठवा, मी पोस्टाचं तिकीट लावून देतो.

टट्-टट् म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमचं घर गावातलं मोठं शेतकऱ्याचं. वडलांना एखादी गोष्ट पटली नाही की ते समोरच्याच्या आजापासून सुरुवात करायचे. मोट नीट बांधली नाही, आजा निघाला. चहा गार झाला, पणजा निघाला. आमच्याकडं नापसंती एकाच मापाची होती, आणि ते माप पोत्याचं होतं. मी कॉलेजात इंग्रजी घेतलं तेव्हा एका जाड शब्दकोशात मला टट्-टट् भेटलं. पुढं अर्थ दिला होता : किरकोळ नापसंती दाखवणारा उद्गार. मी ते तीन वेळा वाचलं. नापसंती किरकोळ असू शकते, हे मला एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

मग मी असे उद्गार गोळा करायला लागलो. मुरुमजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालो, तेव्हा दरवर्षी जूनमध्ये ड्रॉइंग पेपरवर एक तक्ता काढायचो आणि वर्गात फळ्याच्या डाव्या अंगाला टांगायचो. टट्-टट्, समोर मराठीत, 'हे बरं नव्हे'. ओ डिअर, 'अरेरे, हे काय'. कम-कम, 'चला, एवढं नको'. रिअली, 'काय म्हणावं याला'. नाऊ-नाऊ, 'पुरे आता'. पूह, 'हॅट्'. पूह वाचलं की वर्ग दोन मिनिटं हसायचा, तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघायचो. सगळ्यांत खाली स्केचपेननं अधोरेखित केलेलं असायचं : हे उद्गार वापरा, शिव्या नकोत.

पोरांनी ते घरी नेलं. एक बाई शाळेच्या फाटकाशी मला अडवून म्हणाली, "गुरुजी, पोरगं ताटात भाकर वाढली की ओ डिअर म्हणतंय. काय शिवी हाय का ती?" मी सांगितलं, शिवी नाही, विलायती नाराजी आहे. ती म्हणाली, "मग भाकर पन तकडंच खा म्हनावं." गावभर हसले. मलाही बरं वाटलं. आजूबाजूच्या शाळांत तेव्हा वेताची छडी चालायची, पोरांच्या तळहातावर वळ असायचे. मी कधी छडी धरली नाही. पोरगं चुकलं की मी चष्म्यावरून बघून 'टट्-टट्' म्हणायचो. तेवढ्यानं ते खाली बसायचं. यात मला आजही काही चुकीचं वाटत नाही. छडीपेक्षा टट् बरं, हे मी कुणाहीपुढं म्हणेन. पण त्या टट्-टट्च्या नावावर जे सौम्यपणाचं प्रमाणपत्र लोकांनी मला दिलंय, ते मला नको आहे. ते खोटं आहे.

मी मुख्याध्यापक झालो त्या वर्षी शाळेत एक नव्या शिक्षिका आल्या. इंग्रजीच्याच. माकणीकडच्या. घर बौद्ध, वडील धरणाच्या कालव्यावर मजुरीला होते. त्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक पहिल्यांदा त्यांनीच आणलेलं. वसतिगृहात राहून शिकल्या आणि रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या रोज ऐकून त्यांनी उच्चार बसवले होते. मुलं त्यांना बाई म्हणायची. मी मॅडम म्हणायचो. मॅडम म्हणण्यात मान असतो आणि थोडं अंतरही असतं, मला दोन्ही सोयीचं होतं. आता लिहिताना मी बाईच म्हणणार आहे.

बाई चांगल्या शिकवायच्या. हे मी आज उदार होऊन लिहीत नाही, मला तेव्हाच माहीत होतं. मी इंग्रजी सांगायचो आणि मुलं वहीत उतरवायची. बाई मुलांना बोलायला लावायच्या. मुरुमचा बाजार वर्गात भरवायच्या, एकानं कांदे विकायचे, दुसरीनं घासाघीस करायची, सगळं इंग्रजीत. वर्गाबाहेरून जाताना मी ऐकायचो आणि पाय जरा हळू टाकायचो.

एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा आला होता. मी कुणाला तरी टट्-टट् म्हणालो. बाई हळूच म्हणाल्या, "सर, एक विचारू? इंग्रज ते टट् असं म्हणत नसावेत. पुस्तकात तसं लिहितात, पण तो नुसता जिभेचा आवाज आहे. आपण च्च्, च्च् करतो ना, तोच."

चित्रकलेचे सर चहात हसले. हसताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हे जास्त लागलं.

मी म्हणालो, "टट्-टट्, मॅडम! हे तुमचं रेडिओ इंग्लिश." मग सगळेच हसले, आणि यावेळी बाईंकडं पाहून.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी कपाटाच्या आरशापुढं उभा राहून जीभ टाळूला लावून पाहिली. बाईंचं खरं होतं. विलायतेची म्हणून मी ज्या नापसंतीची इतकी वर्षं मिरवणूक काढत होतो, ती माझी आई चूल विझली की करायची. दुसऱ्या दिवशी हे कबूल करायला काय हरकत होती? वर्गात सांगितलं असतं तर पोरं खूश झाली असती. पण मी टट्च म्हणत राहिलो. बाईंनी मात्र नववीला तक्त्यापुढं उभं करून खरा आवाज शिकवला. नववीला तो फार आवडला.

आता लॉगबुकाचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. मुख्याध्यापकानं शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचं, पाठ पाहायचा आणि लॉगबुकात चार ओळींचा शेरा लिहायचा. शिक्षकानं खाली 'वाचले' लिहून सही करायची. तपासणीला आलेले साहेब वर्गात पाच मिनिटं बसतात आणि लॉगबुक अर्धा तास वाचतात. वर्गात काय घडलं ते खरं नसतं, लॉगबुकात काय लिहिलंय ते खरं असतं. मास्तरकीत मुरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

बाईंनी दहावीचं इंग्रजी मागितलं होतं. दहावीचं इंग्रजी माझ्याकडं होतं. मी म्हणालो, नववीचा तास पाहतो, मग ठरवू. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तो आठवडा होता. मी मागच्या बाकावर बसलो. बाजार भरला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला बाईंनी उठवलं. ती मुलगीही गावातल्या बौद्ध वस्तीतलीच, हुशार, पण आवाज बारीक. तिनं कांद्याचा भाव विचारला. मागून आवाज आला, च्च्. मग दोन बाकांवरून, च्च् च्च्. मग सगळी उजवी रांग.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. मला अभिमान वाटला. वीस वर्षं मी तक्ता टांगत होतो आणि मुलं तो परीक्षेपुरता पाठ करत होती. आज ती कुणी न सांगता, योग्य जागी, उद्गार वापरत होती. मी टोपण काढून लिहायला घेतलं. 'विद्यार्थी इंग्रजी उद्गारांचा सहज व उत्स्फूर्त वापर करतात. उच्चार शुद्ध. वर्गाचा प्रतिसाद उत्तम.' अशी चूक मास्तरच करू शकतो. बैलगाडी हाकणाऱ्या माणसालाही कळलं असतं की समोर एका पोरीची टर उडवली जातेय.

ही गोष्ट मी मनात इथवर नेहमी सांगत आलोय. चूक झाली, अभिमानाच्या भरात कळलं नाही. ऐकायला बरं वाटतं. पण ते खोटं आहे, आणि त्यासाठीच हा कागद आहे.

ती मुलगी खाली बसली. बाईंनी एका मोठ्या घरच्या मुलाला उठवलं. तो अडखळला, भाव चुकीचा सांगितला. वर्ग गप्प. मग वस्तीतल्याच दुसऱ्या मुलाला उठवलं. तो बरोबर बोलला. च्च् च्च् च्च्. मग बाई फळ्याकडं वळल्या. त्यांच्या पाठीमागं तोच आवाज, आता सगळ्या वर्गातून. बाई लिहीत राहिल्या. खडू मोडला. त्यांनी उरलेला तुकडा उचलला आणि मोडला होता त्याच अक्षरापासून पुढं लिहिलं. तेव्हा मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. पेनाचं टोपण अजून माझ्या डाव्या हातात होतं, शाई ओली होती, खाली सही करायची राहिली होती. मी सही केली.

का केली? लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, हे एक कारण मी स्वतःला दिलं. मुलं वळून माझ्याकडं बघतील, हे दुसरं. खरं कारण असं की माझ्या आत एक माणूस होता, त्याला बरं वाटत होतं. त्याला स्टाफरूममधला चहा आठवत होता.

संध्याकाळी बाई ऑफिसात आल्या. सही करायला लॉगबुक त्यांच्याकडं पाठवलं होतं, ते छातीशी धरून. बसा म्हणालो, बसल्या नाहीत.

"सर, हे असं नव्हतं."

"काय असं नव्हतं?"

"तुम्ही मागंच बसला होता."

मी चष्म्यावरून पाहिलं. "कम-कम, मॅडम. मुलं आहेत. तुम्हीच शिकवलंय ना त्यांना?"

"म्हणूनच म्हणते. मला शेरा वाईट द्या, चालेल. वर्गावर ताबा नाही असं लिहा. पण उत्तम लिहू नका. उत्तम लिहिलंत तर उद्या मी तक्रार कशाची करू? आणि त्या पोरांनी कुणाकडं बघायचं?"

मी म्हणालो, "नाऊ-नाऊ."

एवढंच म्हणालो. माझ्या तक्त्यावरचा पाचवा उद्गार. पुरे आता. बाईंनी मग टेबलावर लॉगबुक उघडलं, 'वाचले' लिहिलं, सही केली आणि माझ्याकडं न बघता गेल्या. पुढच्या सोमवारी त्यांचा अर्ज आला : इंग्रजीचे तास नकोत, इतिहास आणि मराठी द्यावे. मी तो त्याच दिवशी मंजूर केला. दहावीचं इंग्रजी माझ्याकडंच राहिलं. तपासणीच्या साहेबांनी तो शेरा वाचून आमच्या शाळेच्या इंग्रजीचं तालुक्याच्या बैठकीत कौतुक केलं आणि मला शाल मिळाली. बाईंनी पुढं निवृत्तीपर्यंत इंग्रजीचा एकही तास घेतला नाही.

जातीचं काही माझ्या मनात नव्हतं, असं मी कुणी न विचारताच सांगत आलो. आमच्या घरात सगळे सांगतात. त्याचं उत्तरही लॉगबुकातच आहे. त्याच नववीवर जानेवारीत गणिताचे नवे सर आले. माझ्या भावकीतले. पोरांना आता चटक लागली होती. त्यांनी सरांना तेच केलं, च्च् च्च्. मला शिपायानं येऊन सांगितलं. मी ताडताड गेलो आणि पाच पोरांना मधल्या सुट्टीपर्यंत मैदानात अंगठे धरून उभं केलं. लॉगबुकात लिहिलं : 'नववीत हुल्लडबाजी. कडक समज दिली.' आवाज तोच, मुलं तीच, मुख्याध्यापक तोच. आता मनात काय होतं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी ठरवलंय.

ही झाली तेव्हाची गोष्ट. त्यानंतर मी निवृत्त झालो, बाई माझ्यानंतर काही वर्षांनी. मध्ये कुठं भेट नाही. गेल्या दिवाळीत त्याच नववीच्या बॅचनं उमरग्यात हायवेच्या कडेला एका मंगल कार्यालयात मेळावा भरवला. पंचेचाळिशीची पोरं. कुणाचे ट्रक आहेत, कुणाचा मुरुमला आडतीचा धंदा, एकीचा दवाखाना. मी व्यासपीठावर चढलो तसा सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "टट्-टट्, सर!" मग हसणं, टाळ्या, शाल. ट्रकवाल्यानं माईक घेतला. "सरांनी आमच्यावर कधी हात उगारला न्हाय. नुसतं टट् म्हनायचे, आन् आमची चड्डी वली व्हायची." पुन्हा हसणं. मीही हसलो. हसलो, हेही लिहून ठेवतो.

जेवणाच्या पंगतीत एक जण माझ्या पानापुढं थांबली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पहिल्या बाकावरची ती मुलगी. तिनं वाकून नमस्कार केला नाही. पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि म्हणाली, "आमच्या बाई इथंच उमरग्यात असतात. बोलावलं होतं. येत न्हाय म्हणाल्या."

"का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "सर, तुम्ही मागच्या बाकावर होता." आणि पुढच्या पानाकडं गेली.

मी जिलेबी तशीच ठेवून उठलो.

घरी मुलाला सांगितलं, बाईंकडं जायचंय, माफी मागायचीय. तो म्हणाला, "आण्णा, आता कशाला उकरून काढताय? गावोगावचे लोक पाया पडतात तुमच्या."

"पडतात म्हणूनच," मी म्हणालो.

"त्यांना तरी आठवत असंल का?"

"तुला न्यायचं असंल तर गाडी काढ. नायतर एसटी आहे."

त्यानं गाडी काढली.

बाईंचं घर लहान आणि नीट. दारात लख्ख पुसलेली फरशी, आत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, टेबलावर इंग्रजी पेपर, कोडं अर्धं सोडवलेलं. त्यांनी मला ओळखायला क्षणभरही घेतला नाही. "या सर," म्हणाल्या. पाणी दिलं, चहा दिला. गुडघ्याची चौकशी केली. मी कपबशी ठेवली आणि म्हणालो, "मला तुमची माफी मागायचीय. त्या शेऱ्याबद्दल."

बाई म्हणाल्या, "माफी इथं मागताय, सर. शेरा शाळेत लिहिला होता."



"शाळेत आहे अजून तो," त्या म्हणाल्या. "मी निवृत्त व्हायच्या दिवशी काढून बघितला होता. उत्तम. उच्चार शुद्ध." मग त्यांनी कपबश्या उचलल्या. भेट संपली, हे मला कळलं.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो. आताचे मुख्याध्यापक तरुण आहेत, अदबीचे. माझ्यासाठी खुर्ची पुसली. जुनं लॉगबुक म्हटल्यावर चकित झाले, पण शिपायाला माळ्यावर चढवलं. वाळवीनं कोपरे खाल्लेले, आतला मजकूर शाबूत. माझं अक्षर त्या वेळी फार वळणदार होतं. बाईंच्या तासाचं पान, आणि दोन पानं पुढं हुल्लडबाजीचं पान. मी लाल पेन मागितलं.

"सर, काय करताय?"

"दुरुस्ती."

"सर, रेकॉर्ड आहे हे! तुम्ही आता पदावर नाही. असं लिहिता येत नाही."

"पदावर होतो तेव्हा खोटं लिहिता आलं. आता खरं लिहून बघतो."

"वरून कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगा, म्हातारं ऐकंना."

मी शेरा एका रेषेनं खोडला, मूळ अक्षरं वाचता येतील असा, नियम आहे तसाच. बाजूच्या मोकळ्या जागेत लिहिलं : 'हा शेरा खोटा आहे. वर्ग शिक्षिकेची आणि काही विद्यार्थ्यांची टिंगल करत होता. मला ते समजले होते. मी थांबवले नाही. पाठ उत्तम होता.' खाली सही, आजची तारीख, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. मग पुढं जाऊन हुल्लडबाजीच्या शेऱ्याशेजारी लिहिलं : 'हाच प्रकार आधीच्या पाठात उत्तम ठरवला होता.' मुख्याध्यापक दाराकडं बघत उभे होते, कुणी येईल म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. मीही तसाच दाराकडं बघत नोकरी केली. माझ्या मोबाईलवर दोन्ही पानांचे फोटो त्यांनीच काढून दिले, एवढं मात्र त्यांनी केलं.

त्या आठवड्यात मी घरी बसून माफी लिहून काढली. तोंडानं नीट येणार नाही, ही खात्री होती. माझ्या तोंडाला फक्त तक्त्यावरचे उद्गार येतात. आठ-दहा कागद फाडले. शेवटी एक कागद जमला. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पुन्हा उमरग्याला गेलो, यावेळी एसटीनं.

बाईंनी मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. सावकाश वाचलं. दुसरं पानही वाचलं. हुल्लडबाजीवर जरा जास्त वेळ थांबल्या. मग मोबाईल परत दिला.

"बरं केलंत," म्हणाल्या. "आता कुणी काढून बघितलं तर दोन्ही दिसंल."

मी खिशात हात घातला. कागदाची घडी हाताला लागली.

"सर, ते राहू द्या."

"ऐकून तर घ्या. एकच पान आहे."

"म्हणूनच ऐकायचं नाही." बाई शांत बोलत होत्या, वर्गात बोलायच्या तशा. "तुम्ही माझ्यापेक्षा मोठे. या वयात दोन वेळा माझ्या दारात आलात. तुम्ही वाचणार, तुमचे डोळे भरणार, आणि मग मला म्हणावं लागणार, असू द्या सर. आपल्याकडं दुसरं काही म्हणायची सोयच नाही. आणि ते मला म्हणायचं नाही. असू द्या असं ते नव्हतं."

मी म्हणालो, "मग मी या कागदाचं काय करू?"

"तुमचा कागद आहे. जपून ठेवा." मग उठून म्हणाल्या, "चहा टाकते. साखर चालते ना?"

आम्ही चहा घेतला. त्यांनी मला कोड्यातला एक शब्द विचारला, मला आला नाही, थोड्या वेळानं त्यांनाच आला. निघताना त्या दारापर्यंत आल्या. वाईट वागल्या नाहीत, गोडही वागल्या नाहीत. मला जेवढं मिळायला हवं होतं तेवढंच मिळालं, आणि ते बरोबर मापाचं होतं.

स्मरणिकेच्या मंडळींनो, आता तुम्ही म्हणाल, सर, शेवटी ती माफी तरी इथं छापू. शेवट चांगला होईल. नाही. स्मरणिका बाईंच्याही घरी जाणार. त्यांनी जे ऐकायला नकार दिला ते मी छापून त्यांच्या हातात देणार नाही. एवढी एक गोष्ट मला त्यांचं ऐकून करायची आहे.

कागद अजून त्याच सदऱ्याच्या खिशात आहे. सदरा धुवायला टाकताना काढून ठेवतो आणि वाळला की पुन्हा खिशात घालतो. त्यावर मॅडम असं कुठंही लिहिलेलं नाही. पहिल्या ओळीत एकच शब्द आहे, बाई, आणि त्यापुढं स्वल्पविराम.